मनोरंजनाच्या बोटींमधील सुरक्षा-दोष आणि रिकॉल: नागपूरच्या बोटमालकांनी आणि नौकाविहार करणाऱ्यांनी वारंवार विचारलेले प्रश्न

रामटेकजवळचा खिंडसी तलाव, अंबाझरी आणि पेंच प्रकल्पाचे जलाशय यांमुळे नागपूर जिल्ह्यात नौकाविहाराची हौस जुनी आहे. अलीकडे काही जण स्वतःची फायबरची मोटारबोट किंवा हवा भरून वापरायची होडी घेऊ लागले आहेत, तर काही जण आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचे) इंजिन मुंबईहून मागवून स्थानिक होडीला बसवून घेतात. अशा बोटीत किंवा इंजिनात जिवावर बेतू शकेल असा दोष आढळला, तर तो कोणाला, कसा आणि किती लवकर कळवायचा, याची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

मोटारगाड्यांचा रिकॉल होतो, तसा बोटींचा रिकॉल भारतात कायद्याने बंधनकारक आहे का?

मोटारगाड्यांसाठी मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आहे आणि ते १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार उत्पादकाला देऊ शकते. मनोरंजनाच्या बोटींसाठी इतकी थेट तरतूद आपल्याकडे नाही. बोटींना दोन वेगवेगळे कायदे लागू पडतात. पहिला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१. त्याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली असून, यंत्रावर चालणाऱ्या बोटींची तपासणी, नोंदणी, विमा आणि अपघातांची चौकशी हे विषय त्यात येतात. दुसरा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. असुरक्षित वस्तू बाजारातून परत मागवण्याचा अधिकार या कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे आहे.

याचा व्यवहारातला परिणाम बोटमालकाने नीट समजून घ्यावा. उत्पादकाने दोष स्वतःहून सरकारला अमुक दिवसांत कळवलाच पाहिजे, असे बंधन बोटींच्या बाबतीत नसल्यामुळे, दोषाची पहिली लेखी नोंद बहुतेक वेळा वापरणाऱ्यालाच करावी लागते. दुकानदाराला फोन केला किंवा मेकॅनिकला तोंडी सांगितले, तर ती माहिती तिथेच राहते. त्याच बनावटीची बोट घेतलेल्या दुसऱ्या कुटुंबापर्यंत ती कधीच जात नाही.

सुरक्षेचा दोष कोणता आणि साधी नादुरुस्ती कोणती, हे कसे ओळखायचे?

रंग उडाला, आसनाचे कव्हर फाटले, इंजिन दोनदा दोरी ओढल्याशिवाय सुरू होत नाही, या गोष्टी वॉरंटीत बसतात किंवा बसत नाहीत, पण त्यांनी जीव जात नाही. सुरक्षा-दोष म्हणजे असा दोष, ज्यामुळे बोट बुडू शकते, उलटू शकते, पेट घेऊ शकते, ताब्याबाहेर जाऊ शकते किंवा पाण्यात पडलेल्या माणसाला इजा करू शकते.

सर्वाधिक धोका इंधनाच्या मार्गात असतो. पेट्रोलच्या टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळीच्या मध्यभागी हाताने दाबायचा एक फुगा असतो. तो दाबून घट्ट झाल्यावर इंजिन सुरू करतात. विदर्भातल्या उन्हात बोट महिनोन्‌महिने किनाऱ्यावर उघडी पडली की या फुग्याच्या दोन्ही टोकांशी, जिथे नळी क्लिपने आवळलेली असते, तिथे बारीक भेगा पडतात. बोटाने चोळल्यावर पेट्रोलचा वास आला, तर नळी झिरपत आहे असे समजावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते आणि बॅटरीच्या एका ठिणगीने पेटू शकते. आता ही नळी दहा वर्षे वापरलेली असेल, तर तो देखभालीचा प्रश्न झाला. पण नवी नळी एका हंगामात फाटली, किंवा उत्पादकाने क्लिपच बसवली नसेल, तर तो दोष आहे आणि तो कळवायलाच हवा.

सुकाणूचे तसेच. आउटबोर्ड इंजिन वळवणारी केबल जिथे इंजिनाला जोडलेली असते, तिथला नट आपोआप सैल होत असेल किंवा चक्र फिरवताना मध्येच अडकत असेल, तर बोट पूर्ण वेगात असताना चालकाचा ताबा सुटू शकतो. बोटीवर किती माणसे, किती वजन आणि किती अश्वशक्तीचे इंजिन चालेल हे सांगणारी क्षमतेची पट्टी नसणे किंवा तिच्यावर चुकीचा आकडा असणे, फायबरच्या दोन थरांमधल्या पोकळीत तरंगण्यासाठी भरलेला फोम अपुरा असणे, चालकाच्या मनगटाला बांधायची आपत्कालीन दोरी ओढली तरी इंजिन बंद न होणे, हेही सुरक्षा-दोषच आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी सुरू असताना प्रवासी फेरीबोटीवर आदळली. इंजिनातील बिघाडामुळे ताबा सुटल्याचे नौदलाने निवेदनात म्हटले होते. ती मनोरंजनाची बोट नव्हती, पण इंजिन ऐनवेळी चालकाचे ऐकेनासे झाले तर काय होऊ शकते हे त्या दुर्घटनेतून कळते.

दोष लक्षात आल्यावर सर्वांत आधी काय करावे?

बोट पाण्याबाहेर काढावी आणि तिचा वापर थांबवावा. त्यानंतर दुरुस्तीची घाई करू नये. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडे तुटलेला भाग भंगारात टाकून नवा बसवला की काम झाले असे मानले जाते. तुटलेला भाग हाच तुमचा पुरावा असतो. दोष प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय ठरवता येण्यासारखा नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण पाठवण्यासाठी वस्तू जागेवर असायला हवी. भाग काढण्यापूर्वी तो बोटीवर जसा बसलेला आहे तसे त्याचे जवळून आणि लांबून फोटो काढावेत, शक्य असल्यास दोष घडताना दाखवणारा व्हिडिओ करावा, आणि काढलेला भाग पिशवीत बंद करून त्यावर तारीख लिहून ठेवावा.

नागपुरात राहून कोणाकोणाला कळवता येईल?

पहिले पत्र विक्रेत्याला आणि उत्पादकाला, तर बोट किंवा इंजिन परदेशी असल्यास आयातदारालाही पाठवावे. ई-मेल पुरेसा आहे, पण सोबत पोहोच मिळेल अशा पद्धतीने टपालानेही पत्र पाठवणे चांगले.

दुसरे पत्र सरकारला. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ नुसार, ग्राहकांच्या हिताला बाधा आणणाऱ्या गोष्टींविषयीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देता येते. त्यामुळे दिल्लीला जाण्याची गरज नाही; सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेता येतो. शिक्क्याची ती प्रत जपून ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि तो पुढच्या प्रत्येक पत्रात लिहावा.

तिसरे पत्र नोंदणी असलेल्या मोटारबोटींसाठी आहे. महाराष्ट्रात अंतर्देशीय जलयानांची तपासणी आणि नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. बोटीच्या सांगाड्यात, इंजिनात किंवा सुकाणूत असा दोष असेल की ज्यामुळे तपासणी प्रमाणपत्रात लिहिलेली स्थिती आता राहिलेली नाही, तर ते मंडळाला कळवावे. काही मालक प्रमाणपत्र रद्द होईल या भीतीने गप्प राहतात. सदोष बोट चालवताना अपघात झाला आणि मालकाला दोष आधीपासून माहीत होता असे निघाले, तर त्याची स्थिती प्रमाणपत्र गमावण्यापेक्षा कितीतरी वाईट होते.

पत्रात नेमके काय लिहावे?

बोटीची बनावट, मॉडेल, उत्पादनाचे वर्ष, सांगाड्यावरचा क्रमांक, इंजिनाचा स्वतंत्र क्रमांक, खरेदीची तारीख आणि बिल क्रमांक यांपासून सुरुवात करावी. मग दोष कधी, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत दिसला ते साध्या शब्दांत लिहावे. ‘बोट खराब निघाली’ या वाक्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘खिंडसी तलावात चार प्रौढ माणसे बसलेली असताना, अर्ध्या वेगात, चक्र उजवीकडे फिरवल्यावर अडकले आणि इंजिन बंद करेपर्यंत बोट गोल फिरत राहिली’ असे लिहिले की अभियंत्याला तपास कुठून सुरू करायचा ते समजते. कोणाला इजा झाली असल्यास ते लिहावे, झाली नसल्यास तेही लिहावे. शेवटी आपली मागणी स्पष्ट असावी: दुरुस्ती, बदली, पैसे परत, किंवा त्या मॉडेलच्या सर्व बोटींची तपासणी. अंदाज आणि आरोप टाळावेत. पाहिलेले आणि मोजलेले तेवढेच लिहावे.

सांगाड्यावरचा क्रमांक म्हणजे कोणता? तो कुठे सापडतो?

अमेरिकेत विक्रीसाठी बनलेल्या बोटींवर १ नोव्हेंबर १९७२ पासून १२ अक्षर-अंकांचा क्रमांक बंधनकारक आहे. बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, बाहेरच्या बाजूने, उजवीकडे आणि वरच्या कडेजवळ तो कोरलेला किंवा साच्यातच उठवलेला असतो. तोच क्रमांक आतल्या बाजूला एका झाकलेल्या जागी पुन्हा दिलेला असतो, म्हणजे बाहेरचा खरवडला तरी ओळख पटते. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची, पुढची पाच त्या विशिष्ट बोटीची, आणि शेवटच्या चारांतून महिना, वर्ष व मॉडेलवर्ष कळते. युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवरही असा ओळख क्रमांक असतो. रिकॉलची यादी याच क्रमांकांवरून काढली जाते, म्हणून तो कागदावर उतरवून आणि फोटो काढून ठेवावा. स्थानिक कारागिराने बनवलेल्या फायबर बोटीवर क्रमांक नसेल, तर बिलावर तरी बोटीची लांबी, रुंदी, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याची सही घ्यावी.

अमेरिकेतील नियमांचा उल्लेख वारंवार होतो. तिथे उत्पादकावर नेमके काय बंधन आहे?

तिथल्या १९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्याने ही व्यवस्था उभी केली आणि तिची अंमलबजावणी अमेरिकी तटरक्षक दल करते. बोटीत मोठा धोका निर्माण करणारा दोष आहे किंवा बोट ठरलेल्या सुरक्षा-मानकांत बसत नाही, असे उत्पादकाच्या लक्षात आले की त्याने ३० दिवसांत सूचना पाठवली पाहिजे. ही सूचना पहिल्या खरेदीदाराला, माहीत असल्यास पुढच्या मालकांना आणि विक्रेत्यांनाही जाते. तिच्यात दोषाचे स्पष्ट वर्णन, त्यातून उद्भवणारा धोका, दुरुस्तीचा उपाय आणि ती दुरुस्ती उत्पादक स्वतःच्या खर्चाने करील ही हमी असावी लागते. त्याच वेळी तटरक्षक दलाला अहवाल द्यावा लागतो. दोष तटरक्षक दलानेच शोधला असेल, तर उत्पादकाने ३० दिवसांत एकतर सूचना पाठवावी किंवा दोष का नाही हे लेखी सिद्ध करावे. हे उत्तरदायित्व १० वर्षे राहते. पूर्वी ते ५ वर्षे होते.

हे बंधन बोटीपुरतेच नाही. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेली), आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह (आत इंजिन, पण पंखा मागे बाहेरून लावलेला) इंजिनेही त्यात येतात. नागपूरच्या वाचकासाठी हा भाग महत्त्वाचा, कारण इथे होडी स्थानिक असली तरी तिच्या मागे लावलेले आउटबोर्ड बहुधा परदेशी कंपनीचे असते.

या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला ती ३० दिवसांची मुदत वाटते. दोष आहे की नाही यावर वर्षभर खल करत बसायला उत्पादकाला जागाच उरत नाही. आपल्याकडेही बोटींसाठी अशी मुदत यायला हवी.

युरोपात काय पद्धत आहे?

२०१३ च्या मनोरंजन-नौका निर्देशात २.५ ते २४ मीटर लांबीच्या बोटी येतात. उत्पादकाला, आयातदाराला किंवा विक्रेत्याला बोट धोकादायक असल्याचे कळले, तर त्याने ती सुधारावी, बाजारातून काढावी किंवा परत मागवावी आणि ताबडतोब संबंधित देशाच्या यंत्रणेला कळवावे, असे त्यात बंधन आहे. धोकादायक वस्तूंच्या सूचना ‘सेफ्टी गेट’ या सार्वजनिक संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.

परदेशात रिकॉल निघालेले इंजिन माझ्याकडे आहे, पण विक्रेता म्हणतो की तो भारतासाठी नाही. मग?

अमेरिकी कायद्याने भारतातल्या ग्राहकाला थेट हक्क मिळत नाही, एवढ्यापुरते विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. परंतु तेच मॉडेल, तोच भाग आणि तोच क्रमांकांचा टप्पा असेल, तर दोष देशाची सीमा पाहून थांबत नाही. परदेशी यंत्रणेची ती सूचना छापून आपल्या पत्राला जोडावी. ग्राहक संरक्षण कायद्यातील उत्पादन दायित्वाच्या प्रकरणानुसार, निर्मितीतील दोष, रचनेतील दोष किंवा वापराविषयी पुरेशा सूचना न देणे यांसाठी उत्पादक जबाबदार धरला जातो. आयातदाराचा समावेश याच कायद्याने ‘विक्रेत्या’त केलेला आहे. उत्पादक सापडत नसेल किंवा त्याला नोटीस बजावता येत नसेल, किंवा उत्पादकाकडून आलेला धोक्याचा इशारा विक्रेत्याने ग्राहकापर्यंत पोचवला नसेल, तर जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. म्हणूनच ‘या रिकॉलची माहिती मी आपल्याला अमुक तारखेला दिली’ हे वाक्य पत्रात असलेच पाहिजे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण खरोखर वस्तू परत मागवते का?

हो. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकात न बसणारे प्रेशर कुकर विकल्याबद्दल प्राधिकरणाने २०२२ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना ते परत मागवून ग्राहकांचे पैसे परत करण्याचे आदेश दिले. कलम २० मधील हा अधिकार बोटींनाही तितकाच लागू आहे. तपासात पुरेसा पुरावा मिळाला आणि समोरच्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली गेली, की आदेश निघू शकतो. तो न पाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, २० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एकाच तक्रारीवर मात्र यंत्रणा सहसा हलत नाही. त्याच मॉडेलच्या इतर मालकांना शोधून प्रत्येकाने स्वतंत्र तक्रार दिली, तर हा एका ग्राहकाचा वाद न राहता अनेकांच्या सुरक्षेचा विषय होतो आणि प्राधिकरणाचे काम नेमके तेच आहे.

मी नौकाविहाराचा ठेका घेतला आहे. मला ग्राहक मानले जाईल का?

व्यापारी हेतूने खरेदी करणारा या कायद्याच्या अर्थाने ग्राहक नसतो. केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून एखादी बोट घेऊन ती स्वतः चालवणाऱ्याला यातून सूट आहे. पगारी नाविक ठेवून बोटींचा ताफा चालवणाऱ्या ठेकेदाराने करारभंगासाठी दिवाणी मार्ग घ्यावा. दोष सरकारच्या कानावर घालण्यास त्यालाही कोणी अडवलेले नाही.

ठेकेदाराने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकीट काढून बोटीत बसणारा पर्यटक हा सेवेचा ग्राहक असतो. बोट सदोष असल्याचे माहीत असूनही ती पाण्यात सोडली, तर त्या पर्यटकाची तक्रार उत्पादकाआधी ठेकेदारावर येते.

अपघात झाला तर कळवण्याची पद्धत वेगळी आहे का?

वेगळी आहे आणि तातडीची आहे. आधी जीव वाचवणे आणि ११२ वर कळवणे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीचा अपघात झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्याला आणि नेमलेल्या प्राधिकाऱ्याला माहिती देण्याची जबाबदारी बोटीच्या चालकावर व मालकावर असते. पंचनामा होईपर्यंत बोट, इंजिन आणि लाइफ जॅकेट यांना हात लावू नये. पंचनाम्यात क्षमतेची पट्टी होती की नाही, तिच्यावर काय लिहिले होते, प्रत्यक्षात किती माणसे होती आणि किती जणांनी जॅकेट घातले होते, हे नोंदवले जाईल याकडे लक्ष द्यावे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसे आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसणे हे मुद्दे तेव्हा पुढे आले. तलाव लहान, किनारा डोळ्यांसमोर, म्हणून नियम सैल चालतील, असे समजणाऱ्या प्रत्येकाने ती घटना आठवावी.

अपघात गर्दीमुळे झाला की दोषामुळे, हे त्याच दिवशी ठरवण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही कारणे एकत्रही असू शकतात. फोम पुरेसा असलेली बोट पाणी भरल्यावरही तरंगत राहते आणि माणसांना धरायला आधार मिळतो, तर फोम अपुरा असलेली तळाशी जाते.

मी बोटीत बदल केले आहेत. तरी कंपनी जबाबदार राहील का?

बदलाचा आणि दोषाचा संबंध असेल, तर बहुधा नाही. वस्तूत फेरफार केल्यामुळे किंवा तिचा गैरवापर केल्यामुळे हानी झाली असेल, तर उत्पादन दायित्वाचा दावा टिकत नाही. पट्टीवर १५ अश्वशक्ती लिहिलेली असताना मागे ४० चे इंजिन टांगले आणि मागची फळी तडकली, तर तो दोष कंपनीच्या माथी मारता येणार नाही. याउलट, तुम्ही छत बसवले आहे आणि झिरपते आहे ती इंधनाची टाकी, अशा वेळी कंपनीने छताकडे बोट दाखवून अंग काढून घेणे योग्य नाही. केलेले बदल पत्रात प्रामाणिकपणे लिहावेत. नोंदणीकृत बोटीतील महत्त्वाचे बदल नोंदणी प्राधिकाऱ्याकडेही नोंदवावे लागतात.

सेकंडहँड बोटीचे काय?

रिकॉलची सूचना जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाते आणि तिथेच थांबते, म्हणून खरेदी झाल्याबरोबर उत्पादकाला आपले नाव, पत्ता आणि बोटीचा व इंजिनाचा क्रमांक ई-मेलने कळवावा. मूळ बिल, वॉरंटी कार्ड आणि नोंदणीचे हस्तांतर विक्रेत्याकडून मागून घ्यावे.

पेडल बोट, वल्ह्याची होडी आणि लाइफ जॅकेट यांनाही हे लागू आहे का?

विकत घेतलेली वस्तू म्हणून ग्राहक संरक्षण कायदा या सर्वांना लागू आहे. हवेने फुगणाऱ्या लाइफ जॅकेटकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यातील गॅसची छोटी नळकांडी सैल असली किंवा आधीच वापरली गेलेली असली, तर जॅकेट अंगात असूनही फुगत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात जायचे असेल तर मुदत आणि खर्च किती?

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे. खरेदीसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे, ५० लाख ते २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे जाते. राज्य आयोगाचे खंडपीठ नागपुरातही बसते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. बोट मुंबईहून किंवा कोचीहून घेतलेली असली तरी, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. वकील लावणे सक्तीचे नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.

कंपनीने दुरुस्ती करून दिली. आता सरकारला काही कळवायचे का?

कळवावे. कोणता भाग बदलला, नव्या भागाचा क्रमांक काय, काम कोणी आणि कोणत्या तारखेला केले, याचा लेखी कागद कंपनीकडून घ्यावा आणि त्याची प्रत आधी दिलेल्या तक्रारीच्या क्रमांकासह जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि नोंदणी असल्यास सागरी मंडळाला पाठवावी. जुना भाग कंपनीने परत मागितला, तर देण्यापूर्वी त्याचे फोटो काढून पोहोच घ्यावी. पहिली फेरी प्रवाशांशिवाय, किनाऱ्याजवळ, कमी वेगात आणि सोबत दुसरी बोट ठेवून करावी. तोच दोष पुन्हा दिसला, तर नवी तक्रार करताना जुन्या तक्रारीचा क्रमांक आणि दुरुस्तीची तारीख दोन्ही लिहावीत.